बोटांनी घेतलेलं माप

आमच्या कंपनीत माझी ख्याती दोन गोष्टींसाठी आहे. एक, मला राग चटकन येतो. दुसरी, माझ्या नजरेतून एकही सैल ग्लँड सुटत नाही. नवीन आलेल्या इंजिनियरांना पहिल्याच आठवड्यात कुणीतरी बजावून ठेवतं, बेन, म्हणजे मी, तपासायला येतील तेव्हा जाडी मोजायचा व्हर्नियर खिशात असू द्या. मी ते ऐकते आणि गप्प बसते. या दुसऱ्या ख्यातीच्या पोटात काय आहे ते लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही. लिहूनही पडेल असं काही नाही.

ग्लँड म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आमच्या घरात सासूबाईंपासून लेकीपर्यंत कुणालाच ते आजवर कळलेलं नाही. कारखान्यात वीज फिरते ती घरातल्यासारख्या नाजूक वायरमधून नाही. आत तांब्याच्या तारा, त्यांच्यावर प्लास्टिकचं आवरण, त्यावर लोखंडी तारांचं चिलखत आणि वरून पुन्हा जाड काळं प्लास्टिक, अशी ती आर्मर केबल असते. ही केबल मोटारीच्या पेटीत जिथे शिरते तिथे तिला धरून ठेवणारा पितळी तुकडा म्हणजे ग्लँड. तो आतलं आवरण रबरी रिंगने आवळतो, चिलखताच्या तारा चिमटीत पकडतो आणि बाहेरचं आवरण पुन्हा आवळतो. लहान ग्लँड घेतला तर तो बसतच नाही, तो बिचारा निदान प्रामाणिक. मोठा घेतला तर बसतो, बाहेरून छान दिसतो, आणि आत काहीही धरत नाही. चिलखत सुटलं की अर्थिंग सुटलं, म्हणजे त्या मोटारीला हात लावणाऱ्याच्या जिवाशी खेळ. आमच्यासारख्या सॉल्व्हंटच्या कारखान्यात तर पेटीतली ठिणगी फटीतून बाहेर आली की सगळ्या शिफ्टच्याच जिवाशी. इथे बडोद्याजवळच्या नंदेसरीत मी असे कितीतरी मोठे ग्लँड उघडलेत, आत काळी टेप गुंडाळून 'घट्ट' केलेले.

कोष्टक बघून ग्लँड काढता येतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं. खरं नाही. कागदावर एकाच मापाच्या दोन केबली दोन कंपन्यांच्या आणल्या तर एक अंगाने भरलेली निघते आणि दुसरी सडपातळ. कोष्टकात दोघींना एकच ग्लँड दिलेला. म्हणून केबल सोलायची, चिलखताच्या खालून एकदा, वरून एकदा आणि बाहेरून एकदा मोजायची, आणि मग स्टोअरमध्ये जायचं.

काका, म्हणजे आमच्या कारखान्यातले जुने फिटर, मोजत नसत. सोललेल्या केबलवरून अंगठा आणि पहिलं बोट फिरवायचे, डोळे भलतीकडेच, आणि म्हणायचे, "पाऊण इंची." पाऊण इंचीच बसायचा. मी वायरमनच्या मागे वही घेऊन फिरणारी बावीस वर्षांची डिप्लोमावाली होते तेव्हापासून मी त्यांचं हे बघत आले. सुरुवातीला मी पाठीमागे लपून व्हर्नियर लावून बघायची. एकदाही त्यांना खोटं पाडता आलं नाही. मला त्याचा रागही यायचा.

त्या काळी मेंटेनन्समध्ये बाई म्हणून मी एकटीच होते. आमच्या घरात तीन पिढ्या पुस्तकांतल्या, आजोबा संस्थानच्या शिक्षणखात्यात, आई शिक्षिका. मी हातात पकड घेतली तेव्हा आईने आठवडाभर तोंड वाकडं केलं होतं. कारखान्यातही कुणी मला शिडीवर चढू देईना. शिडीवर चढवलं ते काकांनी. त्यांचे पणजोबा म्हणे संस्थानच्या घोडदळात होते. त्यांची तलवार घरात आहे असं काका सांगत, पण ती कुणी कधी पाहिली नव्हती. वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये. स्वतः काका फिटर, शाळा दहावीपर्यंत. बडोद्याची मराठी जशी असते तशी त्यांची, अर्धी गुजराती. "जो बेटा," ते म्हणत, "उतावळ नको. व्हर्नियर पछी, आधी बोटं. केबल काय म्हणते ते ऐक, मग स्टोअरला जा." ॲसिडच्या टाकीजवळ गेलं की नाक वर करून हुंगायचे आणि सांगायचे, इथे नुसतं पितळ नको, निकल चढवलेलं आण, नाहीतर सहा महिन्यांत हिरवं पडेल. आज मला जे येतं त्यातलं निम्म्याहून जास्त त्यांचं आहे. हे मी उपकार मानायचे म्हणून लिहीत नाही. पुढे मी जे केलं ते का केलं ते कळावं म्हणून लिहिते.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात कॉन्ट्रॅक्टवर परत आले. दरवर्षी मार्चमध्ये त्यांचं नाव पुढे न्यायचं की नाही ते सुपरवायझरच्या शेऱ्यावर ठरायचं. सुपरवायझर तोवर मी झाले होते. मी दरवर्षी 'काम उत्तम' असं लिहायची, आणि पहिल्या वर्षी ते खरंही होतं.

दुसऱ्या वर्षी नव्या पंप हाउसचं काम निघालं. आमची पद्धत अशी की आज ग्लँड बसवायचे आणि तारांची जोडणी उद्या करायची. मधल्या संध्याकाळी मी फेरी मारते, केबल हाताने ओढून बघते. हेही काकांनीच शिकवलेलं. त्या दिवशी साडेपाचच्या बसने काका गेले, मी पहिल्या पंपापाशी वाकले, केबल ओढली आणि ती सरकली. जराशीच. मी पुन्हा ओढली. ग्लँड उघडून पाहिला तर चिलखताच्या तारा आत मोकळ्या, रिंग आणि आवरण यांच्यात बोटाचं नख जाईल एवढी फट. पाऊण इंची लागायचा तिथे एक इंची होता.

चूक कुणाचीही होते. मी स्टोअरमधून बरोबर मापाचा आणला, बदलला, हात पुसले आणि शहरात वासण्याला, माझ्या घरी आले. कुणाला काही बोलले नाही. त्यात बोलण्यासारखं काही आहे असंही मला वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात दोन निघाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात चार, आणि चारही एकेक मापाने मोठे. तेव्हा मात्र मी काकांकडे लक्ष देऊन बघायला लागले, आणि एकदा बघायला लागल्यावर सगळं उघड्यावरच होतं. शर्टाची बटणं लावताना ते मान खाली घालून बटणाकडे बघायचे. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचे. वॉशर जमिनीवर पडला तर तो उचलायला त्यांना तीन-तीनदा चिमूट करावी लागायची. केबलवरून बोटं मात्र पूर्वीसारखीच ऐटीत फिरायची, डोळे पूर्वीसारखेच भलतीकडे. बोटांना आता काही कळत नव्हतं. सहज सरकून बसतो तोच बरोबर असं ते धरून चालले होते, आणि सहज सरकून बसतो तो मोठा.

त्यांना साखरेचा आजार होता हे सगळ्या कंपनीला माहीत होतं. गोळी घ्यायचे, आणि वर सेव उसळीबरोबर गोड चहाही घ्यायचे. साखरेने बोटं बधिर होतात हे मीही कुठेतरी वाचलेलं होतं. माझ्या डोक्यात सगळं जुळत होतं. मला कळलं नाही असं मी कुणाला सांगू शकत नाही.

एकदा कँटीनमध्ये मी धीर केला. म्हटलं, "काका, जरा बोटं बघू तुमची." त्यांनी दोन्ही हात टेबलावर पसरले आणि आजूबाजूच्या टेबलांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जुओ, बेन माझा हात बघतायत. बेटा, या बोटांचा विमा कंपनीने काढायला हवा." सगळे हसले. मीही हसले. माझी आई नेहमी म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. आईचं मी कधी ऐकलं आहे म्हणून तेव्हा ऐकणार.

दुसऱ्यांदा मी काकूंना सांगायचं ठरवलं. दसऱ्याला सोनं द्यायला त्यांच्याकडे गेले, काका शेजारी कुणाकडे गेलेले. आपट्याची पानं काकूंच्या हातावर ठेवली, नमस्कार केला आणि म्हटलं, काकू, काकांच्या तब्येतीचं थोडं बोलायचं होतं. काकू म्हणाल्या, "बरी आहे गं. काम आहे ना, म्हणून उभे आहेत. घरी बसले तर चार महिन्यांत आटोपतील, मला ठाऊक आहे. तू आहेस तिथे म्हणून मला घोर नाही." मी श्रीखंड खाऊन परत आले.

त्यानंतर मी सांगायचा विचार सोडूनच दिला. रोज साडेपाचची बस गेली की मी फेरीला निघायची, खिशात व्हर्नियर, पिशवीत पाऊण आणि एक इंची ग्लँड. मोठा काढायचा, बरोबर मापाचा घालायचा, वरची रबरी टोपी काका ओढतात तशीच तिरकी ओढायची. सकाळी काका येऊन त्याच ग्लँडमधून जोडणी करायचे आणि खूश होऊन निघून जायचे. जवळजवळ दोन वर्षं मी हे केलं. कुणाला धोका होऊ दिला नाही, याची मी आजही शपथ घेईन. केबल चालू करण्याआधीच्या कागदावर सही माझी असायची आणि ती सही कधी खोटी नव्हती. खोटं होतं ते फक्त काकांशी. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला समजावायची. मूठ त्यांची होती आणि झाकून मी बसले होते.

आणि खरं सांगायचं तर मला त्यात मोठेपणा वाटत होता. एका म्हाताऱ्या माणसाचा मान मी राखते आहे, आणि कुणाला कळूही देत नाही. घरी उशीर झाला म्हणून लेक कुरकुरली तर मी तिच्यावर खेकसायची. जुन्या वायरमनवर, स्टोअरकीपरवर, ज्याच्यावर काढता येईल त्याच्यावर राग काढायची. काकांवर कधी आवाज चढवला नाही. चढवायला हवा होता तो नेमका त्यांच्यावर.

या झाकाझाकीच्या दुसऱ्या वर्षी, सुरक्षा सप्ताहात बाहेरून तपासणीला माणसं आली. त्यांनी अख्ख्या प्लांटमधले हवे तिथले ग्लँड उघडून पाहिले आणि एकही सैल सापडला नाही. मॅनेजर खूश. शेवटच्या दिवशी मंडपात काकांना स्टेजवर बोलावलं, शाल आणि श्रीफळ दिलं. काकांनी माइक हातात घेतला, तो एकदा निसटला, त्यांनी दोन्ही हातांनी धरला. म्हणाले, "मशीन पछी येतं साहेब. आधी हात." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या. त्या वेळी शेजारच्या बाईने मला विचारलं की तुमच्या डोळ्यांत पाणी का, तर मी म्हटलं, गुरू आहेत माझे. तेवढंच त्या दिवशी मी खरं बोलले.

त्या पावसाळ्यात काका लंगडायला लागले. विचारलं तर म्हणाले, नवा सेफ्टी शूज आहे, चावत असेल, पण दुखत तर काही नाही. दुखत नाही तर लंगडता कशाला, मी म्हटलं. म्हणाले, कोण जाणे, पाऊल सरळ पडत नाही. मी त्यांना दोन दिवस बसून करायचं काम दिलं आणि स्वतःवर खूश झाले. तिसऱ्या दिवशी ते आले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. पायातून वास येतोय म्हणाल्या, त्यांनी जबरदस्तीने मोजा काढायला लावला तर तो मांसाला चिकटलेला.

मी हॉस्पिटलात पोचले तोवर डॉक्टरांनी जखम उघडून साफ केली होती. स्टीलच्या वाटीत त्यांनी एक गोष्ट ठेवली होती, ती मला दाखवली. आर्मरच्या तारेचा तुकडा, पेरभर लांबीचा. आम्ही केबल सोलतो तेव्हा असे तुकडे जमिनीवर सगळीकडे उडतात. तो बुटाच्या तळातून आत घुसून टाचेत शिरला होता. डॉक्टरांच्या अंदाजाने दहा-बारा दिवसांपूर्वी. दहा-बारा दिवस काका तो टाचेत घेऊन जिने चढत होते, बसने ये-जा करत होते.

डॉक्टर खाटेपाशी आले. गुजरातीत विचारलं, काका, पायाला बधिरपणा केव्हापासून? काका म्हणाले, बधिर कसला, जरा जड वाटतो, वय झालं. मग डॉक्टरांनी विचारलं, आणि हातांना? बोटांना कधी मुंग्या, वस्तू हातातून पडणं, असं काही?

"हातांना काही नाही," काका म्हणाले. मग उशीवरून मान वळवून माझ्याकडे बोट केलं. "यांना विचारा. साहेब आहेत माझ्या. दोन वर्षांत माझा एक ग्लँड चुकला असेल तर सांगायला सांगा."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. काकू माझ्याकडे बघत होत्या. काका तर हसत होते. मी म्हटलं, "नाही. एकही नाही."

डॉक्टर बाहेर पडले तशी मी मागोमाग गेले आणि कॉरिडॉरमध्ये त्यांना सगळं सांगितलं. ते थांबून ऐकत होते. मग त्यांनी शांतपणे समजावलं. आधी पाय जातात, हात त्यानंतर. दोन वर्षांपूर्वी बोटं बधिर झाली असतील तर पाय त्याच्याही आधीपासून बधिर असणार. तेव्हा आले असते तर साखर आवळून धरली असती, आणि निदान एवढं तर सांगितलं असतं की रोज रात्री तळवे बघा, बूट घालण्याआधी झटका. ते मला बोल लावत नव्हते. दिवसातून चार जणांना सांगतात तसं सांगत होते. मला एवढंच दिसत होतं की ज्या गोष्टीने त्यांना सावध केलं असतं तीच मी रोज संध्याकाळी, नेमाने, माप घेऊन पुसून टाकत होते.

पाच दिवसांनी गुडघ्याखालून पाय कापला.

त्यानंतर मी दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागले. फळं न्यायची, काकूंशी बोलायचं, काकांना कंपनीतल्या गोष्टी सांगायच्या. काका खिडकीजवळच्या खाटेवर बसलेले असत. लोक मला म्हणत, तू किती करतेस त्यांच्यासाठी. ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं आणि मी उठून जायची. माझं काय चुकलं ते ज्याला सांगायचं त्यालाच सांगितलं नव्हतं, आणि दर रविवारी ते आणखी अवघड होत होतं. सहा रविवार असेच गेले.

सातव्या रविवारी काकू आत स्वयंपाकघरात होत्या. काकांनी विचारलं, "नव्या शेडला ग्लँड कोण लावतंय?"

"पोरं लावतात. व्हर्नियरने."

"चुकतात?"

"चुकतात. मी बदलायला लावते."

ते समाधानाने हसले. "माझा तुला एक बदलावा नाही लागला, बराबर?"

मला वाटलं होतं की सांगताना मी रडेन. रडले नाही. ऑफिसात रिपोर्ट देते तसं सांगितलं. पंप हाउसपासून सगळं, बस गेल्यावरची फेरी, पिशवीतले ग्लँड, तिरकी ओढलेली टोपी, दसऱ्याला काकूंना सांगायला आलेली आणि श्रीखंड खाऊन गेलेली. शाल-श्रीफळाच्या दिवशी वाजवलेल्या टाळ्यासुद्धा. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं.

मांडीवर ठेवलेल्या हाताचा अंगठा काका पहिल्या बोटावर घासत होते, हळूहळू, पुन्हा पुन्हा. मी त्यांच्या रागाची वाट बघत होते. तो आला असता तर मला बरं वाटलं असतं, हेही मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं.

"सांगायचं ना, बेटा," ते म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. "रागावलो असतो. चार दिवस बोललो नसतो तुझ्याशी. पछी गेलो असतो डॉक्टरकडे."